मंजुरी, शिफारस की नुसता आढावा? रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाचे पत्रक कसे वाचावे

रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीचे कर्ज देते तो व्याजदर) कमी झाला की बातमीत हमखास एक वाक्य येते : ‘रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाने निर्णय घेतला.’ हे वाक्य चुकीचे आहे. व्याजदर पतधोरण समिती ठरवते, केंद्रीय संचालक मंडळ नव्हे. मग मंडळ काय करते? वर्षाचे हिशेब मंजूर करते, सरकारला किती पैसे द्यायचे ते ठरवते, बँकेचे विनियम (कायद्याखालचे नियम) करते, नोटांबाबत सरकारकडे शिफारस करते. या कामांची पत्रके मोजक्या परिच्छेदांची असतात आणि स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, वार्ताहर, सहकारी बँकांतले कर्मचारी ती वरवर चाळून पुढे जातात. त्या परिच्छेदांतून पुरेशी माहिती कशी काढायची, ते इथे क्रमाने दिले आहे.

सोबत चार गोष्टी घेऊन बसा. पत्रकाची छापील प्रत, त्याच विषयाचे गेल्या वर्षीचे पत्रक, रिझर्व्ह बँक कायदा, 1934 मधली कलमे 7, 8, 13, 24 ते 26, 45झेडबी, 47, 53 आणि 58, आणि एक पेन्सिल. कलमांची पाने एकदाच छापून फाइलला लावली की वर्षानुवर्षे पुरतात. पत्रक मोबाइलवर वाचू नका. क्रियापदांना खुणा करायच्या आहेत आणि पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

आधी संस्था ओळखा

एकाच इमारतीतून चार वेगवेगळ्या मंडळ-समित्यांचे निर्णय बाहेर पडतात. पत्रकाचे शीर्षक आणि पहिली ओळ पाहून यातले नेमके कोण बोलते आहे, ते सर्वांत आधी ठरवा.

केंद्रीय संचालक मंडळ कलम 8 प्रमाणे बनते. गव्हर्नर, जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर, चार स्थानिक मंडळांतून प्रत्येकी एक संचालक, केंद्र सरकारने नेमलेले दहा संचालक आणि दोन सरकारी अधिकारी, असे सगळे मिळून जास्तीत जास्त एकवीस. स्थानिक मंडळे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि नवी दिल्लीची. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागात येतात.

पतधोरण समिती सहा जणांची. तिचा निर्णय त्याच दिवशी जाहीर होतो आणि इतिवृत्त कायद्यानेच चौदाव्या दिवशी प्रसिद्ध करावे लागते. केंद्रीय मंडळाच्या इतिवृत्ताला अशी सक्ती नाही, म्हणून ते लगेच हाती येत नाही; सभेच्या दिवशी पत्रक तेवढे येते. पत्रकातला शब्द न् शब्द तोलून वाचायचा तो यासाठी.

तिसरे वित्तीय देखरेख मंडळ, बातम्यांत ‘बीएफएस’. 1994 मध्ये स्थापन झालेली ही केंद्रीय मंडळाचीच समिती. बँकांवरच्या देखरेखीचे विषय तिच्याकडे जातात. चौथी, ‘केंद्रीय मंडळाची समिती’ याच नावाची. ती आठवड्याला बसते आणि बँकेचे चालू कामकाज पाहते. याशिवाय लेखापरीक्षण व जोखीम, मनुष्यबळ, इमारती, माहिती तंत्रज्ञान अशा उपसमित्या आहेत. रोजचे बहुतेक प्रशासकीय निर्णय या खालच्या पायऱ्यांवरच होतात आणि मोठ्या सभेपुढे येतात तेव्हा ते बऱ्याच अंशी पक्के झालेले असतात. पत्रकात उपसमित्यांच्या कामकाजाचा उल्लेख एका ओळीत येतो. ती ओळ सोडू नका, फक्त तिच्यात निर्णय शोधत बसू नका.

सभेचा क्रमांक आणि उपस्थिती

पत्रकाच्या सुरुवातीलाच सभेचा क्रमांक असतो : 616वी सभा, 23 मे 2025, मुंबई, अध्यक्षस्थानी गव्हर्नर संजय मल्होत्रा. हा क्रमांक नुसता शोभेचा नाही. कलम 13 सांगते की वर्षाला किमान सहा सभा आणि प्रत्येक तिमाहीत किमान एक सभा झालीच पाहिजे. दोन मे महिन्यांतले क्रमांक वजा केले की मधल्या सभा मोजता येतात. 19 मे 2023 ची सभा 602वी, 22 मे 2024 ची 608वी आणि 23 मे 2025 ची 616वी. म्हणजे पहिल्या टप्प्यात सहा सभा, दुसऱ्यात आठ. सभा वाढलेल्या दिसल्या की त्या का लागल्या, हा पुढचा प्रश्न. 2025 च्या मे महिन्यात उत्तर सरळ होते : सरकारला द्यायच्या रकमेचे सूत्र ज्या चौकटीतून निघते, तिचा फेरआढावा मंडळाने 15 मे रोजी, म्हणजे रक्कम ठरवण्याच्या आठवडाभर आधी, मंजूर केला.

मग उपस्थितांची नावे. गणपूर्तीला चार संचालक लागतात आणि त्यांतले किमान तीन स्थानिक मंडळांतले किंवा सरकारने नेमलेले बिगरअधिकारी संचालक असावे लागतात. डेप्युटी गव्हर्नर आणि सरकारी अधिकारी संचालक चर्चेत भाग घेतात, पण त्यांना मत नसते. गव्हर्नर येऊ शकले नाहीत तर त्यांनी लेखी अधिकार दिलेला डेप्युटी गव्हर्नर त्यांच्या वतीने मत देतो आणि अध्यक्षस्थानी बसतो. मते समसमान झाली तर अध्यक्षांचे दुसरे, निर्णायक मत. त्यामुळे ‘सभेला चौदा जण होते’ याचा अर्थ ‘चौदा मते होती’ असा होत नाही. नावांपुढे पेन्सिलने म (मत आहे) आणि च (फक्त चर्चा) असे लिहीत गेलात तर दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होते.

जागा रिकाम्या असल्या म्हणून निर्णय बाद ठरत नाही. कलम 8 मध्येच तसे स्पष्ट म्हटले आहे. ‘मंडळ अपुरे आहे, मग ठराव कसा चालेल’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टिकत नाही. तपासायची असते ती गणपूर्ती, रिकाम्या खुर्च्या नव्हेत.

क्रियापदांना गोल करा

हे सर्वांत महत्त्वाचे काम, आणि चुकाही इथेच सर्वाधिक होतात. पत्रकातल्या प्रत्येक वाक्याचे क्रियापद शोधा आणि त्याभोवती गोल काढा. ‘आढावा घेतला’ आणि ‘चर्चा केली’ यांत निर्णय नाही. ‘मंजुरी दिली’ आणि ‘ठरवले’ यांत मंडळाचा स्वतःचा अधिकार आहे. ‘शिफारस केली’ म्हणजे शेवटचा शब्द सरकारचा. ‘सूचना केली’ किंवा ‘सल्ला दिला’ म्हणजे काम बँकेच्या यंत्रणेकडे गेले. तिचे परिपत्रक निघेपर्यंत कोणासाठी काहीही बदललेले नाही.

बँकेच्या संकेतस्थळावर इंग्रजी आणि हिंदी प्रती असतात. हिंदीवरून मराठी करणाऱ्यांनी तीन शब्दांपाशी थांबावे. हिंदीत ‘अनुमोदन’ म्हणजे मंजुरी. मराठीत सूचक आणि अनुमोदक वेगळे. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या ठरावाला दिलेला पाठिंबा. ‘मंडळाने वार्षिक अहवालाला अनुमोदन दिले’ असे छापले की ठराव दुसऱ्याच कोणी केला, असा अर्थ निघतो. हिंदीतली ‘समीक्षा’ म्हणजे आपला आढावा; आपल्याकडे समीक्षा पुस्तकाची होते. आणि हिंदीतले ‘कार्यवृत्त’ म्हणजे आपले इतिवृत्त.

क्रियापदांची पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, ते 19 नोव्हेंबर 2018 च्या पत्रकावर पाहा. सरकार आणि बँक यांच्यातला तणाव टोकाला असताना ही सभा तासन् तास चालली होती. पत्रकात चार विषय होते आणि चारही ठिकाणी क्रियापद वेगळे होते. बँकेच्या भांडवलाची चौकट तपासायला तज्ज्ञ समिती नेमण्याचे मंडळाने *ठरवले*. तिचे सदस्य आणि कार्यकक्षा सरकार आणि बँक मिळून ठरवणार होते. 25 कोटी रुपयांपर्यंत कर्ज असलेल्या लहान उद्योगांच्या थकत चाललेल्या कर्जांची फेररचना करता येईल का, याचा बँकेने विचार करावा, असा *सल्ला दिला*. बँकांचे भांडवल पर्याप्तता प्रमाण (कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत बँकेने राखायचे भांडवल) 9 टक्क्यांवर ठेवण्याचे ठरवताना, संकटासाठी टप्प्याटप्प्याने उभारायच्या राखीव भांडवलाचा 0.625 टक्क्यांचा शेवटचा हप्ता पूर्ण करायला एक वर्ष, म्हणजे 31 मार्च 2020 पर्यंत, मुदत वाढवायला *सहमती दिली*. आणि तातडीच्या सुधारणा कारवाईखालच्या, म्हणजे आर्थिक स्थिती खालावल्यामुळे निर्बंध घातलेल्या बँकांचा विषय वित्तीय देखरेख मंडळ *तपासेल*, असे नमूद केले.

आता पुढचे कागद लावून पाहा. समिती 26 डिसेंबर 2018 रोजी माजी गव्हर्नर बिमल जालान यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. लहान उद्योगांच्या कर्जांचे परिपत्रक 1 जानेवारी 2019 ला निघाले. फेररचनेचा हक्क त्या तारखेपासून, 19 नोव्हेंबरपासून नाही. भांडवलाच्या हप्त्याचे परिपत्रकही जानेवारीत आले. चौथा विषय वित्तीय देखरेख मंडळाकडे गेला होता, म्हणून त्याचा निकालही तिथूनच आला : 31 जानेवारी 2019 च्या त्याच्या सभेनंतर तीन बँका निर्बंधांतून बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती. नोव्हेंबरच्या पत्रकावरून ‘निर्बंध उठले’ असे कोणी समजले असते तर ते अडीच महिने आधीच चुकले असते. क्रियापद ‘तपासेल’ होते, आणि कोण तपासेल तेही लिहिलेले होते.

मे महिन्यातले पत्रक : हिशेब आणि वरकड रक्कम

वर्षातले सर्वांत जड पत्रक मे महिन्यातले. त्याच्या वेळेमागे कलम 53 आहे : हिशेब बंद झाल्यापासून दोन महिन्यांत वार्षिक हिशेब आणि मंडळाचा अहवाल केंद्र सरकारकडे गेला पाहिजे. हिशेब 31 मार्चला बंद होतात, म्हणून सगळे मेअखेरच्या आत. पूर्वी बँकेचे वर्ष जुलै ते जून होते, म्हणून तेव्हा हे सगळे ऑगस्टमध्ये व्हायचे. हिशेबांवर गव्हर्नर, डेप्युटी गव्हर्नर आणि मुख्य लेखा अधिकारी यांच्या सह्या असतात आणि लेखापरीक्षक केंद्र सरकार नेमते, मंडळ नव्हे.

सरकारला जाणाऱ्या रकमेला वर्तमानपत्रे ‘लाभांश’ म्हणतात. कायद्यात हा शब्द बसत नाही. कलम 47 म्हणते : बुडीत आणि संशयित कर्जे, मालमत्तेची घट, कर्मचाऱ्यांचे निधी आणि बँका एरवी करतात त्या इतर तरतुदी केल्यावर नफ्यातले जे उरेल, ते केंद्र सरकारला द्यावे. लाभांश किती द्यायचा हे कंपनीचे संचालक ठरवतात. इथे उरलेले सगळे द्यायचेच असते. मंडळाच्या हातात खरी गोष्ट एकच : आधी किती बाजूला ठेवायचे. म्हणून पत्रकात द्यायच्या रकमेपेक्षा बाजूला ठेवायच्या टक्केवारीची ओळ आधी वाचा.

ही टक्केवारी आकस्मिक जोखमीसाठी राखलेल्या गंगाजळीची, बातम्यांतल्या ‘सीआरबी’ची. ती ताळेबंदाच्या प्रमाणात मोजतात. जालान समितीनंतर तिची मर्यादा 5.5 ते 6.5 टक्के होती. मे 2025 च्या फेरआढाव्याने ती 4.5 ते 7.5 टक्के केली. मंडळ दर वर्षी या पट्ट्यातला एक आकडा निवडते. 2018-19 ते 2021-22 या वर्षांसाठी 5.50, 2022-23 साठी 6.00, 2023-24 साठी 6.50 आणि 2024-25 साठी 7.50, म्हणजे थेट वरची कड.

हा आकडा किती वजनाचा आहे, त्याची ढोबळ पट्टी घरीच करता येते. 31 मार्च 2025 रोजी बँकेचा ताळेबंद 76,25,421.93 कोटी रुपयांचा होता. त्याचा एक टक्का म्हणजे सुमारे 76,254 कोटी, आणि पाव टक्का म्हणजे सुमारे 19,000 कोटी. टक्केवारीतला लहानसा बदल केवढा असतो, हे यावरून लक्षात येते. पण ‘यंदा 76,254 कोटी जादा बाजूला काढले’ असे मात्र लिहू नका. प्रत्यक्ष तरतुदीचा आकडा वार्षिक अहवालाच्या उत्पन्न विवरणात स्वतंत्र ओळीत येतो आणि तो या पट्टीशी जुळेलच असे नाही. शिवाय ताळेबंदाचा आकडा सभेच्या दिवशी हाती नसतो. अहवाल काही दिवसांनी येतो. सभेच्या दिवशी टक्केवारीची नोंद करा, गणित अहवाल आल्यावर.

आता द्यायची रक्कम. जुनी पत्रके काढून एक तक्ता वहीत उतरवा : 2021-22 साठी 30,307 कोटी, 2022-23 साठी 87,416 कोटी, 2023-24 साठी 2,10,874 कोटी, 2024-25 साठी 2,68,590.07 कोटी. शेवटच्या दोघांत वाढ सुमारे 27.4 टक्के. हा तक्ता मागे नेताना मात्र तीन खड्डे लागतात.

पहिला 2020-21 चा. त्या वर्षी बँकेने आपले वर्ष सरकारच्या वर्षाशी जुळवून घेतले, म्हणून हिशेब जुलै 2020 ते मार्च 2021 अशा नऊच महिन्यांचा होता. 99,122 कोटींची रक्कम त्या नऊ महिन्यांची आहे. तक्त्यात तिच्यापुढे ‘9 महिने’ असे लिहाच. बाराने गुणून नवाने भागून वर्षाचा आकडा काढण्याचा मोह टाळा. बँकेचे उत्पन्न दर महिन्याला सारखे येत नाही.

दुसरा 2018-19 चा. 26 ऑगस्ट 2019 ला मंडळाने 1,76,051 कोटी मंजूर केले. त्यांत वर्षाची वरकड रक्कम 1,23,414 कोटी आणि नव्या चौकटीप्रमाणे जादा ठरलेल्या तरतुदींचे 52,637 कोटी, असे दोन भाग होते. दुसरा भाग त्या वर्षीची कमाई नव्हे, आधीच्या वर्षांतली साठवण. शिवाय पहिल्या भागातले 28,000 कोटी फेब्रुवारीतच अंतरिम म्हणून देऊन झाले होते. म्हणजे ऑगस्टनंतर नव्याने जायचे होते 1,48,051 कोटी. ‘1.76 लाख कोटी’ हा आकडा एकटा लिहिला तर या तिन्ही गोष्टी झाकल्या जातात.

तिसरा खड्डा वर्षाचा. बँकेच्या 2024-25 च्या हिशेबातली रक्कम मे 2025 मध्ये ठरते, म्हणून ती सरकारच्या 2025-26 च्या जमेत दिसते. अर्थसंकल्पाशी ताडून पाहताना एक वर्ष पुढचा कागद उघडा. 2025-26 च्या अर्थसंकल्पात रिझर्व्ह बँक, सरकारी बँका आणि वित्तीय संस्था या सगळ्यांकडून मिळून 2.56 लाख कोटींचा अंदाज धरला होता; मे महिन्यात एकट्या रिझर्व्ह बँकेची रक्कमच त्याच्या वर गेली. ही तुलना बातमीला खरा अर्थ देते, नुसता ‘विक्रमी’ हा शब्द देत नाही.

एकक तपासायलाही विसरू नका. इंग्रजी वृत्तसंस्था ‘2.69 ट्रिलियन’ लिहितात. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. घाईत ‘2.69 लाख’ छापले जाते आणि ‘कोटी’ गळून पडते.

नोटांचा विषय आला की

इथे ‘शिफारस’ या शब्दाचे मोल कळते. कलम 24 आणि 25 प्रमाणे कोणत्या मूल्याच्या नोटा काढायच्या आणि त्यांचा नमुना कसा असावा, हे केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ठरवते. कलम 26 च्या पोटकलम 2 प्रमाणे एखाद्या मालिकेच्या नोटांचे वैध चलन म्हणून असलेले स्थान काढायचे असेल, तर तेही मंडळाच्या शिफारशीवरून सरकारनेच राजपत्रात अधिसूचना काढून.

8 नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी याच पोटकलमाखाली झाली. मंडळाची 561वी सभा त्या संध्याकाळी साडेपाच वाजता नवी दिल्लीत झाली आणि पंतप्रधानांची घोषणा रात्री आठला. इतिवृत्तावर सही 15 डिसेंबरला झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयात मोठा वाद याच एका शब्दावर झाला : प्रस्ताव सरकारकडून आलेला असेल तर मंडळाने केली ती ‘शिफारस’ म्हणायची का? 2 जानेवारी 2023 च्या निकालात चार न्यायमूर्तींनी प्रक्रिया वैध ठरवली, न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळे मत नोंदवले, की सरकारकडून निघालेला असा प्रस्ताव कायदा करूनच अमलात आणायला हवा होता. नोटांबाबतचे कोणतेही पत्रक वाचताना म्हणून तीन तारखा स्वतंत्र लिहा : प्रस्ताव कोणी, कधी पाठवला, मंडळाची शिफारस कधी, राजपत्र कधी.

19 मे 2023 हा दिवस गोंधळाचा उत्तम नमुना आहे. त्याच दिवशी 602व्या सभेचे वरकड रकमेचे पत्रक आले आणि त्याच दिवशी दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेण्याचेही. दोन्ही एकत्र वाचून ‘मंडळाने दोन हजारांची नोट बंद केली’ असा समज पसरला. मागे घेण्याच्या पत्रकातच म्हटले होते, की या नोटा वैध चलन राहतील. म्हणजे पोटकलम 2 लागलेलेच नव्हते. बँकेच्या स्वच्छ नोट धोरणाखालची (लोकांच्या हाती चांगल्या प्रतीच्या नोटा राहाव्यात यासाठीची) ती कार्यवाही होती. एका दिवशी दोन पत्रके आली तर त्यांचे क्रमांक वेगळे लिहा आणि दोन वेगळ्या फाइलींत लावा.

लहान दिसणारे दोन निर्णय

पतधोरण समितीतल्या सहा जणांपैकी एक जागा बँकेच्या अधिकाऱ्याची असते आणि तो अधिकारी केंद्रीय मंडळ नामनिर्देशित करते, कलम 45झेडबी. कागदावर ही एका ओळीची प्रशासकीय बाब. पण व्याजदरावरच्या सहा मतांतले एक मत त्या ओळीतून ठरते. मंडळ रेपो दर ठरवत नाही हे खरे, तरी त्याचा त्या निर्णयाशी असलेला धागा हाच, आणि पत्रकात तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो.

दुसरा, विनियम. कलम 58 खाली मंडळ विनियम करते, पण केंद्र सरकारची पूर्वमंजुरी घेऊन आणि राजपत्रात प्रसिद्ध करून. पत्रकात विनियमाला मंजुरी दिसली तरी तो लागू होण्याची तारीख राजपत्रातून घ्या.

इतिवृत्त हवे असेल तर

पतसंस्थेचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे काम केलेल्यांना ठाऊक आहे, की विषयपत्रिकेवर पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. सभा संपल्या संपल्या इतिवृत्त मागितले तर मिळायचा असतो तो कच्चा मसुदा, आणि तो कोणी देत नाही. म्हणून पुढची सभा होऊन जाऊ द्या, मगच माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, मजकूर साधारण 500 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा मोघमपणामुळे. ‘गेल्या पाच वर्षांची सर्व इतिवृत्ते द्यावीत’ असे लिहू नका. असे लिहा : ‘केंद्रीय संचालक मंडळाच्या 23 मे 2025 रोजी झालेल्या 616व्या सभेच्या इतिवृत्तातील, सन 2024-25 ची वरकड रक्कम केंद्र सरकारला हस्तांतरित करण्याबाबतच्या विषयाचा भाग, ठरावाच्या मजकुरासह, मिळावा. त्यातील काही भाग उघड करता येत नसल्यास, माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 10 प्रमाणे तो वगळून उर्वरित भाग द्यावा.’ शेवटचे वाक्य सोडू नका. देशाच्या आर्थिक हितसंबंधांचे कारण देऊन सगळेच नाकारले जाऊ शकते. कलम 10 मागितले असेल तर अधिकाऱ्याला भागाभागाने विचार करावा लागतो. नकार आला तर 30 दिवसांत पहिले अपील, त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे. 561व्या सभेचे इतिवृत्त लोकांपुढे आले ते माहिती अधिकारातूनच, मार्च 2019 मध्ये, सभेनंतर दोन वर्षे चार महिन्यांनी.

वहीतली नोंद

प्रत्येक पत्रकासाठी वहीत एकच ओळ ठेवा, सहा रकान्यांची : सभा क्रमांक व तारीख, विषय, क्रियापद, कलम, पुढचा कागद कोणाकडून, तो आला ती तारीख. नमुना असा : ‘616 / 23-5-2025, वरकड रक्कम 2,68,590.07 कोटी, गंगाजळी 7.50 टक्के, मंजुरी, कलम 47, वार्षिक अहवाल, रिझर्व्ह बँक, 29-5-2025.’ शेवटचा रकाना रिकामा असेल, तर तो निर्णय अजून अर्धा आहे असे समजा आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रिकाम्या रकान्यांवरून एक नजर फिरवा.